चोक : घरातला आणि परळीच्या माळावरचा

जुन्या घरांतून ट्यूबच्या पट्टीमागे पत्र्याने मढविलेली एक जड डबी असे. तिला सारेच चोक म्हणत. ट्यूब लागेनाशी झाली की वायरमन प्रथम स्टार्टर बदली, आणि त्यानेही भागले नाही तर चोकाकडे बोट दाखवी. आता एलईडीचे दिवे आले. त्यांच्यापुढे ती ट्यूबही मागे पडली आणि तो चोकही. भंगारवाला आतल्या तांब्याच्या तारेसाठी तो तोलून नेतो. यावरून चोकाचा काळ संपला असे कोणास वाटल्यास नवल नाही. परंतु वस्तुस्थिती निराळी आहे. घरातला चोक नाहीसा होत असतानाच त्याचे थोरले भाऊबंद देशभर अधिकाधिक संख्येने उभे राहत आहेत, आणि त्यांपैकी काहींचे वजन शंभर टनांच्या घरात जाते. बीड जिल्ह्यात परळी व अंबाजोगाईच्या परिसरातून अतिउच्च दाबाच्या ज्या विद्युत्वाहिन्या जातात, तशा वाहिन्यांचे स्वास्थ्य अशाच थोरल्या चोकांवर अवलंबून असते.

हे थोरले चोक कोठे असतात, ते काय करतात, आणि यंत्रांचे सगळे भाग दिवसेंदिवस लहान होत असता यांनाच एवढे अवाढव्य का राहावे लागते, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत ठिकाणी करावयाचा आहे.

चोक म्हणजे तारेचे वेटोळे, याहून अधिक काही नव्हे. तारेतून वीज वाहू लागली म्हणजे तारेभोवती चुंबकक्षेत्र उत्पन्न होते. तीच तार वेढ्यावर वेढा देऊन गुंडाळली असता प्रत्येक वेढ्याचे क्षेत्र दुसऱ्याच्या क्षेत्रात मिळते व मध्यभागी त्याचा जोर वाढतो. आत लोखंडाचा गाभा घातला तर तो कित्येक पटींनी वाढतो. विशेष गोष्ट पुढेच आहे. हे क्षेत्र वाढत किंवा घटत असताना त्याच वेटोळ्यात एक विद्युत्दाब उत्पन्न होतो, आणि त्या दाबाचे तोंड नेहमी बदलाच्या विरुद्ध असते. प्रवाह वाढू पाहील तर तो त्यास मागे ओढतो. प्रवाह घटू पाहील तर तो त्यास पुढे लोटतो. प्रवाह स्थिर असेल तेव्हा मात्र वेटोळे स्वस्थ बसते. त्या वेळी ती केवळ एक लांब तार होय.

हंगामात उसाने भरलेली बैलगाडी पाहिली म्हणजे हा धर्म समजण्यास वेळ लागत नाही. ती हलविताना बैलांस खांद्यावर सगळा जोर घ्यावा लागतो. एकदा चालू लागली की ती आपल्या चालीने चालते. आणि उतारावर गाडीवानाने कितीही कासरा ओढला तरी ती जागच्या जागी थांबत नाही. गाडीच्या चालीत ओझ्याला जे स्थान, तेच विजेच्या चालीत वेटोळ्याच्या या गुणाला आहे. त्याला प्रवर्तकत्व असे नाव आहे.

या गुणाचा शोध लावण्याचा मान एका शिक्षकाकडे जातो, ही गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. अमेरिकेतील ऑल्बनी ॲकॅडमी या शाळेत जोसेफ हेन्री हे गणित व पदार्थविज्ञान शिकवीत. इंग्लंडात मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली विद्युत्चुंबकीय प्रवर्तनाचा शोध प्रसिद्ध केला. हेन्री याच मार्गाने स्वतंत्रपणे चालले होते. लांब तारेच्या वेटोळ्यातील प्रवाह तोडताना आखूड तारेपेक्षा मोठी ठिणगी पडते, हे त्यांनी १८३२ साली मांडले. त्या ठिणगीत वेटोळ्याचा सारा स्वभाव आला. १८९३ साली शिकागो येथील आंतरराष्ट्रीय विद्युत्परिषदेने या गुणाच्या मापास ‘हेन्री’ हेच नाव दिले. प्रवाह सेकंदास एक अँपियर या वेगाने बदलत असता ज्या वेटोळ्यात एक व्होल्ट दाब उत्पन्न होतो, त्याचे प्रवर्तकत्व एक हेन्री समजावयाचे.

ट्यूबच्या चोकात या स्वभावाचा दुहेरी उपयोग केलेला असे. बटण दाबल्यावर स्टार्टर क्षणभर प्रवाह जोडी आणि एकाएकी तोडी. प्रवाह तुटताच तो चालू ठेवण्याचा हट्ट चोक धरी, व त्या हट्टातून काहीशे व्होल्टचा झटका निघून नळीतील विरळ वायूमधून वीज वाहू लागे. एकदा नळी पेटली म्हणजे चोकाचे दुसरे काम सुरू होई. घरातील वीज सेकंदास पन्नास फेरे करीत उलटसुलट वाहते. तिच्यात अखंड बदल चाललेला असतो व त्या बदलाला चोक अखंड विरोध करतो. त्यामुळे प्रवाह अर्ध्या अँपियरच्या आतच राही. एरवी नळीने भरमसाट वीज ओढून स्वतःचा नाश करून घेतला असता. चोक या इंग्रजी शब्दाचा अर्थच गळा आवळणे असा आहे. येथे मात्र गळा आवळणाराच रक्षणकर्ता ठरतो.

आता ‘मोठे वेटोळे’ म्हणजे काय, हे ठरविले पाहिजे. कारण येथे नेहमी घोटाळा होतो. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत विजेतील घरघर काढून टाकण्यासाठी दहा हेन्रीच्या आसपासचा एक चोक असे, आणि तो सहज मुठीत मावे. याच्या शेजारी ४०० किलोव्होल्टच्या वीजकेंद्रातील एक थोरला चोक कल्पनेने ठेवून पाहावा. अभियंते त्याला शंट रिॲक्टर म्हणतात. ४२० किलोव्होल्ट दाबाचा व ५० मेगाव्हार क्षमतेचा रिॲक्टर घेतला तर हिशेबाने त्याच्या प्रत्येक फेजचे प्रवर्तकत्व सुमारे ११ हेन्री येते. हेन्रींत मोजल्यास दोघे जवळजवळ सारखेच! मग एक मुठीत मावावा आणि दुसऱ्यास आणावयास शंभर चाकांची गाडी लागावी, असे का?

उत्तर प्रवाहात आहे. रेडिओच्या चोकातून अँपियरचा पन्नाससाठ सहस्रांश भाग वाही. रिॲक्टरच्या एका फेजमधून साधारण ६९ अँपियर वाहतात, व प्रत्येक फेऱ्यात कळसाच्या क्षणी ते ९७ पर्यंत चढतात. वेटोळ्यात साठणारी शक्ती ही प्रवर्तकत्वाचा निम्मा भाग गुणिले प्रवाहाचा वर्ग, या नियमाने वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर साठा चौपट. प्रवाह दीड हजार पटींनी वाढला तर साठा वीस लाखांच्याही पलीकडे जातो. रेडिओच्या चोकात एका ज्यूलचा जेमतेम पन्नासावा भाग साठे. रिॲक्टरच्या एका फेजमध्ये सुमारे ५३,००० ज्यूल साठतात. चोपन्न क्विंटल ऊस जमिनीपासून एक मीटर उचलण्यास एवढीच शक्ती लागते. आणि ही शक्ती वेटोळ्यात सेकंदातून शंभर वेळा भरते व शंभर वेळा रिकामी होते.

शक्ती कोठेतरी राहिली पाहिजे. ती तारेत राहत नाही. चुंबकक्षेत्रात राहते, आणि क्षेत्राला जागा लागते. लोखंडाची चुंबकत्व धारण करण्याची मर्यादा दोन टेस्लाच्या आसपास संपते. त्यापुढे ते तृप्त होते. म्हणून अशा रिॲक्टरचा गाभा सलग लोखंडाचा करीत नाहीत. लोखंडी पत्र्यांच्या जाड चकत्या एकावर एक रचून त्यांच्यामध्ये चिनीमातीसारख्या कठीण पदार्थाचे तुकडे बसवून फटी राखतात. पुष्कळांस आश्चर्य वाटेल, परंतु शक्तीचा मोठा वाटा लोखंडात नसून या फटींतच साठतो. दीड टेस्लाचे क्षेत्र असलेल्या फटीच्या एका घनसेंटिमीटरात जेमतेम ०.९ ज्यूल मावतो. म्हणजे ५३,००० ज्यूलसाठी एका फेजमागे सुमारे साठ लिटरची नुसती फट हवी. तिच्याभोवती लोखंड, त्याभोवती तांबे, त्याभोवती कागदाचे रोधक आवरण, आणि या सर्वांस बुडवून थंड ठेवणारे तेल. दर फेऱ्यात या चकत्या एकमेकींकडे दोनदा ओढल्या जातात. वीजकेंद्राजवळ जो अखंड घुमणारा नाद ऐकू येतो, त्यातील बराचसा अशा ओढाताणीचा असतो.

येथेच तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते. ट्रान्झिस्टर लहान होत गेला, कारण त्याने केवळ ‘आहे’ व ‘नाही’ एवढाच संकेत द्यावयाचा असतो. तो संकेत कितीही थोड्या विजेत देता येतो. वेटोळ्याने शक्ती सांभाळावयाची असते, आणि शक्तीला तिच्या मापाची जागा द्यावीच लागते. धान्याचा हिशेब बोटभर कागदावर मावतो. पण धान्यास कणगीच लागते.

या कणगीची मर्यादा मनुष्याने कोठवर ताणली आहे, हे पाहावयाचे तर जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेकडे वळले पाहिजे. तेथील सीएमएस नावाच्या प्रयोगाचे वेटोळे साडेबारा मीटर लांब व सहा मीटर व्यासाचे असून ते द्रव हेलियमने अतिशीत ठेवल्यामुळे त्यातील तारेचा विद्युत्रोध शून्य होतो. त्याचे प्रवर्तकत्व १४ हेन्री. म्हणजे आपल्या रिॲक्टरहून फारसे अधिक नाही. परंतु ते १९,००० अँपियरहून अधिक प्रवाहासाठी बांधलेले असून चार टेस्ला क्षेत्रास त्यात २६० कोटी ज्यूल, म्हणजे घरगुती मीटरच्या भाषेत सुमारे ७२० युनिट साठतात. या प्रयोगात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था व भाभा अणुसंशोधन केंद्र यांचा सहभाग आहे. वेटोळ्याच्या बाहेरच्या अंगास बसविलेल्या कणशोधकाच्या उभारणीत टाटा संस्थेने प्रमुख वाटा उचलला. साठविलेली शक्ती वाट चुकली तर काय होते, हेही त्याच संस्थेत दिसले. १९ सप्टेंबर २००८ रोजी तेथील महायंत्रात दोन विद्युत्चुंबकांमधील एक सांधा निकामी होऊन विजेची ज्योत उठली, हेलियम सुटून कित्येक टन बाहेर आला, आणि ५३ चुंबके जागेवरून काढावी लागली. यंत्र पुन्हा सुरू होण्यास वर्षाहून अधिक काळ गेला. हेन्रींच्या ठिणगीचेच ते विराट रूप होते.

आता थोरल्या वेटोळ्यांची कामे पाहू. ती मुख्यतः तीन आहेत : विजेतील लाटा सपाट करणे, आकाशवाहिनीला सूर लावणे, आणि लांब वाहिनीचा चढलेला दाब आवरणे.

पहिले काम रेडिओच्या जुन्या चोकाचेच आहे. घरातील उलटसुलट वीज व्हॉल्व्हमधून एकदिश करून घेतली तरी ती नदीसारखी संथ नसते. तिच्यात उंचसखल लाटा राहतात, आणि त्याच ध्वनिक्षेपकातून घरघर होऊन बाहेर पडतात. चोक त्या लाटांना विरोध करून प्रवाह सपाट करतो. हेच काम महाराष्ट्रात फार मोठ्या प्रमाणावर चालते. कोळशाच्या खाणी चंद्रपुराकडे, आणि विजेची सर्वांत मोठी मागणी मुंबईच्या बाजूस. ही वीज नेण्यासाठी चंद्रपूर ते ठाणे जिल्ह्यातील पडघे अशी ७५२ किलोमीटर लांबीची एकदिश विजेची वाहिनी बांधण्यात येऊन ती १९९९ साली कार्यान्वित झाली. तिची क्षमता १,५०० मेगावॉट असून तिच्या दोन तारांपैकी एकीवर ५०० किलोव्होल्ट धन व दुसरीवर तितकाच ऋण दाब असतो.

चंद्रपूरच्या टोकाला थायरिस्टर नावाच्या अर्धवाहकांच्या माळा उलटसुलट विजेची एकदिश वीज करतात, आणि पडघ्यास तशाच माळा तिची पुन्हा उलटसुलट वीज करतात. रेडिओतल्या व्हॉल्व्हचेच हे काम. मात्र दाब पाच लाख व्होल्टचा. येथेही लाटा उरतात : प्रत्येक फेऱ्यास बारा, म्हणजे सेकंदास सहाशे. म्हणून थायरिस्टर आणि वाहिनी यांच्यामध्ये प्रचंड वेटोळी बसवितात. त्यांना स्मूदिंग रिॲक्टर असे नाव आहे. लाटा सपाट करण्याखेरीज त्यांचे आणखी एक काम आहे, व ते अधिक मोलाचे आहे. समजा, असे वेटोळे ०.३ हेन्रीचे आहे आणि वादळात वाहिनी जवळच कोठेतरी जमिनीस टेकली. पाच लाख व्होल्टचा सारा दाब वेटोळ्यावर येईल. पण त्याच्या विरोधामुळे प्रवाह एका सहस्रांश सेकंदात सुमारे १,७०० अँपियरहून अधिक वाढू शकणार नाही. नेहमीचा प्रवाह १,५०० अँपियर असतो. म्हणजे तो दुप्पट होण्यापूर्वी जवळजवळ एक सहस्रांश सेकंदाची उसंत मिळते. मनुष्यास ही उसंत जाणवणारही नाही, परंतु इलेक्ट्रॉनिक नियंत्रकास ती पुरते. तो दोष ओळखून थायरिस्टरांना आवरू लागतो. जी कोट्यवधी रुपयांची अर्धवाहक यंत्रे एका ठोक्यात करपली असती, ती तांब्याच्या आडदांड वेटोळ्याच्या आडोशाने वाचतात.

दुसरे काम सूर लावण्याचे. झोक्याला त्याच्या लयीत हलके हलके ढकलले तर तो उंच चढतो. अवेळी ढकलले तर जोर व्यर्थ जातो. रेडिओच्या मनोऱ्याचेही तसेच आहे. त्याची उंची लहरीच्या लांबीच्या चौथ्या हिश्शाइतकी असेल तर तो आपोआप लयीत येतो. नागपूरच्या एक हजार किलोवॉट प्रक्षेपकावरून १८ मे १९८८ रोजी आकाशवाणीचे राष्ट्रीय प्रसारण सुरू झाले, त्याची लहर सुमारे १९२ मीटर लांबीची होती. तिचा चौथा हिस्सा ४८ मीटर, म्हणजे बांधता येण्याजोगा मनोरा. परंतु समुद्राच्या पोटात दडलेल्या पाणबुडीस संदेश पाठवावयाचा असेल तर ही लहर निरुपयोगी ठरते. खारे पाणी विजेचे वाहक असल्याने नेहमीच्या रेडिओलहरी पृष्ठभागाशीच विरून जातात. अतिशय मंद, म्हणजे सेकंदास पंधरावीस हजार आंदोलनांच्या लहरीच काही मीटर खोल उतरतात.

अशा लहरीची लांबी पंधरा किलोमीटरांच्या पुढे असते, व तिच्या चौथ्या हिश्शाएवढा मनोरा म्हणजे पावणेचार किलोमीटर उंचीचा! तो कोणी बांधावा? यावरचा तोडगा थोरले वेटोळे हाच आहे. तोकडा मनोरा व त्यावरील तारांचे जाळे हे जमिनीच्या संबंधाने एखाद्या धारकासारखे, म्हणजे कंडेन्सरासारखे वागते. त्याच्या पायथ्याशी योग्य मापाचे वेटोळे जोडले की दोघे मिळून झोक्याप्रमाणे लयीत येतात. स्वीडनमधील ग्रिमेटन येथे १९२० नंतरच्या दशकात बांधलेले असे केंद्र आजही जतन केलेले असून २००४ साली त्यास जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्याची लहर साडेसतरा किलोमीटरांच्या जवळपास, आणि मनोरे मात्र अवघे १२७ मीटरांचे. ती तूट सूर लावणारी वेटोळी भरून काढतात. या वेटोळ्यांत लोखंड नसते. तार जाड असली तरी जलद आंदोलनांची वीज तिच्या पृष्ठभागावरूनच वाहते व मधले तांबे फुकट जाते. म्हणून केसासारख्या बारीक, वेगवेगळ्या आवरण दिलेल्या असंख्य तारांचा पीळ घालून दोर वळतात व त्याचे माणसाहून उंच वेढे लाकडी किंवा अन्य रोधक सांगाड्यावर चढवितात. एकेका वेटोळ्यास स्वतंत्र खोली लागते.

भारतात तमिळनाडूच्या तिरुनेलवेली जिल्ह्यात नौदलाचे आयएनएस कट्टबोम्मन हे केंद्र १९९० पासून हे काम करीत आहे. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली व १४ डिसेंबर २०१७ रोजी नौदलात दाखल झालेली कलवरी ही पाणबुडी, किंवा तिच्यानंतरच्या तिच्या भगिनी, पाण्याखाली असताना ज्या संदेशांची वाट पाहतात, ते संदेश अशाच वेटोळ्यांतून निघतात. पूर्वी बीडप्रमाणेच हैदराबाद संस्थानात असलेल्या विकाराबाद येथे अशाच दुसऱ्या केंद्राची पायाभरणी १५ ऑक्टोबर २०२४ रोजी झाली आहे.

तिसरे काम मात्र बीडच्या अगदी अंगणातले आहे. परळी वैजनाथ येथे १९७१ मध्ये औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच सुरू झाला. पुढे २१० व २५० मेगावॉटचे संच आले. चंद्रपुराकडून ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्या परळीकडे आल्या. अंबाजोगाईजवळ गिरवलीस ४०० किलोव्होल्टचे उपकेंद्र झाले. आणि २०१८ पासून ७६५ किलोव्होल्टच्या वाहिन्याही परळीपर्यंत पोहोचल्या. चंद्रपूर ते परळी हे सरळ अंतरच ३०० किलोमीटरांहून अधिक आहे. एवढ्या लांबीच्या वाहिनीस एक विलक्षण खोड असते. तिच्यावर भार असतो तोवर ती शहाण्यासारखी वागते. पण भार उतरला की दूरच्या टोकाला विजेचा दाब आरंभीच्या टोकापेक्षाही वर चढतो. लंडनजवळच्या डेप्टफर्ड येथे १८९० च्या सुमारास सेबास्टियन फेरांटी यांच्या दहा हजार व्होल्टच्या केबलवर ही गोष्ट आढळली, म्हणून तिला फेरांटी परिणाम म्हणतात.

याचे कारण असे की, लांब तार व तिच्याखालची जमीन मिळून एक अफाट धारक होतो. तो दर फेऱ्यात वीज भरून घेतो व परत करतो. या विजेने ना पंप चालतो ना दिवा लागतो. ती नुसते हेलपाटे घालते. या हेलपाट्यांचे माप म्हणजेच मेगाव्हार. हिशेब करून पाहता ३०० किलोमीटरांच्या मोकळ्या वाहिनीच्या टोकाला दाब सुमारे पाच टक्के चढतो, म्हणजे ४०० चा ४२० किलोव्होल्ट होतो. आणि ४०० किलोव्होल्टच्या यंत्रणेस नियमाने दिलेली कमाल मर्यादाही तीच, ४२०. वाहिनी ४०० किलोमीटरांची असेल तर चढ साडेनऊ टक्क्यांच्या आसपास जातो व मर्यादा केव्हाच ओलांडली जाते. चढलेला दाब रोहित्रांची आवरणे पोखरतो, संरक्षक यंत्रणेस वाहिन्या तोडण्यास भाग पाडतो.

शंट रिॲक्टर येथे उभा राहतो. वाहिनी आणि जमीन यांच्यामध्ये तो जोडलेला असतो. धारक ज्या क्षणी वीज घेतो, नेमक्या त्याच क्षणी वेटोळे ती देते. आणि धारक देऊ लागला की वेटोळे घेते. दोघांचे हेलपाटे जागच्या जागी फिटतात व दाब ताळ्यावर राहतो. अवर्षणग्रस्त भागात याचे महत्त्व आणखी वाढते. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले होते. फिरती जनित्रे केवळ वीज देत नाहीत. जादा हेलपाट्यांची वीज शोषून दाब सावरण्याचे कामही ती करतात. ती थांबली की दाब सावरणारा एक हात कमी होतो, आणि स्थिर उभ्या वेटोळ्यांवरील जबाबदारी वाढते. उलट, पाऊस चांगला झाला की रानातील पंप बंद होतात, वाहिन्यांवरील भार उतरतो, आणि दाब चढण्याची भीती दुसऱ्या बाजूने येते. दुष्काळ असो वा सुकाळ, वेटोळ्यास सुट्टी नाही.

ही भीती कल्पनेतील नाही. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता देशभर नऊ मिनिटे घरातील दिवे मालविण्यात आले, तेव्हा विजेची मागणी काही मिनिटांत सुमारे ३१,००० मेगावॉटने उतरली. वारंवारता सांभाळण्याचा मुख्य भार जलविद्युत् केंद्रांनी उचलला. आणि चढणारा दाब आवरण्यासाठी जी साधने कामास लावली, त्यांत हे रिॲक्टर प्रमुख होते. दिवे पुन्हा लागले व कोठेही गडबड झाली नाही. पाच वर्षांनी, २८ एप्रिल २०२५ रोजी, स्पेन व पोर्तुगाल या दोन देशांत भर दुपारी वीज गेली. तज्ज्ञांच्या चौकशीत असे दिसून आले की, विजेचा दाब एकामागून एक ठिकाणी मर्यादेबाहेर चढत गेला, त्यामुळे वीज उत्पन्न करणारी केंद्रे सुटत गेली, आणि ती सुटल्याने दाब आणखीच चढला. विजेच्या तुटीने अंधार होतो हे सर्वांस ठाऊक आहे. दाबाच्या अतिरेकानेही कोट्यवधी लोकांची वीज जाऊ शकते, हे त्या दिवशी जगाने पाहिले.

रिॲक्टर जोडला की काम झाले, असेही नाही. वाहिनीवर भार वाढला की तोच रिॲक्टर दाब नको तितका खाली ओढतो; म्हणून काही रिॲक्टर वेळोवेळी तोडावे व जोडावे लागतात. तोडताना हेन्रींची ठिणगी पुन्हा आठवावी लागते, कारण थोरल्या वेटोळ्याचा प्रवाह अवेळी तोडला तर ट्यूबच्या स्टार्टरप्रमाणेच झटका बसतो, मात्र लाखो व्होल्टचा. यासाठी फेऱ्यातील नेमका क्षण साधून उघडणारे खटके वापरतात. क्षण ओळखण्याचे काम सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक यंत्र करते आणि बळ सोसण्याचे काम तांबे व लोखंड करतात. सूक्ष्म व स्थूल यांची ही जोडी दिवसेंदिवस अधिक घट्ट होत आहे. दूरदूरच्या माळांवर सौरऊर्जेची व पवनऊर्जेची केंद्रे उभी राहतील, तसतशा लांब वाहिन्या वाढतील, व त्यांच्या टोकांना अशी वेटोळीही.

थोरला चोक वीज उत्पन्न करीत नाही, आणि त्याच्या नावाने घरच्या मीटरवर एकही युनिट उमटत नाही. काटकसरीच्या घरात जशी एखादी वडीलधारी व्यक्ती फार न बोलता प्रत्येकाच्या घाईला आवर घालते, तसे त्याचे वर्तन असते. रात्री उशिरा बीड, अंबाजोगाई वा परळीतील दिवे मालवतात, रानातील पंप थांबतात, आणि शेकडो किलोमीटरांच्या वाहिन्या भाराविना मोकळ्या होतात. नेमक्या त्या वेळी, सारे निजलेले असताना, या वेटोळ्यांचे काम सर्वांत अधिक असते. सकाळी घरातला पहिला दिवा निर्वेधपणे लागतो, त्यात त्यांचाही वाटा असतो.